शून्यावर ठेवलेलं चाक

१

एव्हरेट स्टाल बुधवारी सकाळी सापडला. मिल क्रीकवरच्या पायपुलाकडे ज्या बावीस पायऱ्या उतरतात, त्यांच्या तळाशी. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्याने पाहिलं. मान नको तशी वळलेली, टोपी दोन पायऱ्या वर, आणि हाताच्या अंतरावर त्याचं मोजणीचं चाक, दांडीने ढकलत नेलं की फूट मोजणारं, कठड्याला नीट टेकून उभं.

मी अर्लीन शुमाकर. टॅनर्सबर्गच्या शाळा मंडळाचं इतिवृत्त मी एकोणीस वर्षं लिहिते आहे. म्हणजे कोण काय बोललं ते मी लिहिते आणि कोण गप्प बसलं ते लक्षात ठेवते. एव्हरेट आमच्या वाहतूक विभागाचा माणूस, म्हणून पोलीस डेप्युटी रस किमेलने ओळख पटवायला मला आणि विभागप्रमुख गॉर्डन टीगला बोलावलं. गॉर्डन कठडा धरून लहान मुलासारखा रडत होता. मी त्याला माझा रुमाल दिला. मला रडू आलं नाही, राग आला. एव्हरेट बासष्ट वर्षांचा होता, पण त्याच्यासारखा पाय टाकताना विचार करणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता.

"बर्फावरून घसरला," रस म्हणाला. "काल दुपारी मोजायला निघाला होता बिचारा. सुरुवातसुद्धा केली नव्हती. बघा, काउंटरवर चार शून्यं."

"आणि त्याची वही? नारिंगी पुठ्ठ्याची?"

"नाही सापडली. गेली असेल पाण्यात."

"रस, मोजणी शाळेच्या दारापासून सुरू होते. दार इथून मैलभर लांब. मैलभर ते चाक त्याने खांद्यावर मिरवत आणलं?"

"अर्लीनबाई," रस समजुतीच्या सुरात म्हणाला. मी त्याला तिसरीत असल्यापासून ओळखते, तेव्हाही तो असाच बोलायचा. "तुम्ही इतिवृत्त लिहा. हे मला लिहू द्या."

मी घरी गेले नाही.

२

त्या चाकामागे अख्खं गाव लागलं होतं, ते आधी सांगायला हवं.

टेकडीवरची रिज स्कूल भरून वाहत होती, आणि हायवेपलीकडची कॅनॉल स्ट्रीट शाळा अर्धी रिकामी. मंडळाने नव्या हद्दीचा प्रस्ताव आणला. शाळेच्या दारापासून पायवाटेने दीड मैलाच्या, म्हणजे सात हजार नऊशे वीस फुटांच्या आत राहणारी मुलं रिजमध्ये राहतील. बाहेरची कॅनॉल स्ट्रीटला जातील, त्यांना बस मिळेल. वाद पेटला तो शेल हॉलोवरून. ही क्वारी रोडवरची ट्रेलरवस्ती, पत्र्याच्या फिरत्या घरांची. तिथली एकेचाळीस मुलं रिजमध्ये शिकतात. विभागाच्या जुन्या कागदावर शेल हॉलोचं अंतर होतं सात हजार सातशे दोन फूट. हद्दीच्या आत, जेमतेम.

त्याच कागदाच्या जोरावर तीन वर्षांपूर्वी शेल हॉलोची बस बंद झाली होती. दीड मैलाच्या आत राहता ना, मग चाला. पहिल्याच हिवाळ्यात नोएमी ओरोस्को, वय नऊ, क्वारी रोडवर धुक्यात खडीच्या ट्रकखाली गेली. ती बंद झालेली चौदा नंबरची बस एव्हरेट चालवायचा. त्यानंतर त्याने पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही, मोजणीचं काम मागून घेतलं.

सोमवारच्या सुनावणीत फॉक्स मेडो कॉलनीची सेलेस्ट ब्रँडवर माइकवर आली. आमच्याकडे रीत अशी की आधी नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटं बोलायचं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. शेवटी बाजूने की विरोधात ते सांगायचं, मी खूण करते. शेल हॉलो हद्दीत राहिलं तर जागेअभावी फॉक्स मेडोची मुलं बाहेर जाणार होती.

"ते अंतर खोटं आहे!" सेलेस्ट म्हणाली. "मी स्वतः चालले. माझा फोन एक पूर्णांक सात मैल दाखवतो!"

"फोनने मोजत नाही आम्ही," एव्हरेट शांतपणे म्हणाला.

"मग मोजा ना तुमच्या त्या खेळण्याने! नाहीतर मीच ते चाक क्रीकमध्ये फेकून देईन!"

अध्यक्षांनी फेरमोजणीचा आदेश दिला आणि पुढची सुनावणी गुरुवारी ठेवली. गॉर्डन उठून म्हणाला की विभागाची सही झालेला आकडा आहे, पुन्हा मोजणं हा आपल्याच माणसांचा अपमान आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही. मी मात्र शब्दन् शब्द लिहून घेतला.

३

सेलेस्टच्या स्वयंपाकघरात चिकन-भाताचा भला मोठा ट्रे ओव्हनमध्ये चढला होता.

"एव्हरेटच्या बहिणीसाठी करून ठेवतेय, ती यायची आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "अशा नका बघू माझ्याकडे. सोमवारी मी काय बोलले ते मला आठवतंय."

"मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

"दंतवैद्याकडे, धाकट्याला घेऊन. पण अर्लीन, जरा डोकं चालवा. मीच तर मोजायला लावलं त्याला! आकडा मोठा येणार याची मला खात्री होती. माझ्या बाजूने निघालेल्या माणसाला मी कशाला मारू?"

बाई कर्कश आहे, पण हिशेब तिचा चोख होता. मग आकडा मोठा यायला नको होता कुणाला? असा विचार करत मी गाडी शेल हॉलोकडे न नेता थेट वृद्धाश्रमाच्या धुलाईघराकडे नेली. नोएमीची आई डेल्फिना ओरोस्को तिथे कामाला आहे.

ती वाफेत उभी राहून चादरी घड्या करत होती. हात थांबले नाहीत.

"एव्हरेट गेला म्हणे," ती म्हणाली. "देवमाणूस होता. नोएमी त्याच्या बसमध्ये चढायची तेव्हा तो तिला 'मॅडम' म्हणायचा."

"तुझ्या धाकट्याचं काय होणार आता?"

"तादेओ रिजमध्येच राहायला हवा, मिसेस शुमाकर." आता मात्र हात थांबले. "त्याच्या वर्गाबाहेर कोट टांगायच्या खुंट्या आहेत. चौथी खुंटी नोएमीची होती. तो रोज तिथेच कोट लावतो, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. त्याला ती आठवत नाही हो. खुंटी आठवते. ती नका काढून घेऊ."

 मी दाराकडे वळले.

"मंगळवारी आला होता तो," ती मागून म्हणाली.

"कोण?"

"एव्हरेट. दोन वाजता. चाक घेऊन आमच्या फाटकापर्यंत. कॉफी दिली तर घेतली नाही. मला म्हणाला, 'डेल्फिना, आकडा तुझ्या मनासारखा नाही. आणि त्याहून वाईट काहीतरी आहे, ते मी गुरुवारी सगळ्यांसमोर सांगेन.'"

४

म्हणजे मोजणी सुरू झाली होती. नुसती सुरू नाही, पार टोकापर्यंत गेली होती. आणि एव्हरेटला जिवंत पाहणारी शेवटची व्यक्ती होती डेल्फिना, जिला त्या आकड्याने सगळ्यात मोठा फटका बसणार होता. रसच्या कानावर हे गेलं असतं तर त्याने संध्याकाळपर्यंत तिला कोठडीत टाकलं असतं. म्हणून मी त्याला काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मी जाड बूट घातले आणि रिज स्कूलच्या दारापासून चालायला लागले. एव्हरेटची पद्धत मला ठाऊक होती. दर हजार फुटांना रस्त्याच्या कडेला निळ्या मेणखडूने आकडा. हा खडू पावसाने जात नाही. जाऊन झालं की तो उलट मोजत यायचा, आणि येतानाच्या आकड्यांभोवती गोल काढायचा. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच सही.

एक, दोन, तीन, चार, पाच. मग पायऱ्या, पूल, आणि पलीकडे क्वारी रोडच्या कडेला सहा आणि सात. त्याच पट्ट्यात गोलातले तीन, दोनही होते. सातच्या पुढे थोड्या अंतरावर रस्ता वळतो आणि तिथे शेल हॉलोच्या टपालपेट्यांची रांग उभी आहे. टपालवाला गल्लीत शिरत नाही, त्यामुळे सगळ्या वस्तीचा पत्ता एकच, चारशे, क्वारी रोड, आणि तो पत्ता म्हणजे या पत्र्याच्या पेट्या. घरं आत, कच्च्या गल्लीच्या टोकाला.

पेट्यांच्या लाकडी खांबावर मला खडूची आणखी एक खूण दिसली. जुनी, उन्हाने फिकटलेली. तिच्याखाली ताज्या खडूची रेघ मारलेली. एव्हरेटनेच मारली असणार.

मी चष्मा पुसला आणि वाचलं. ७७०२. गॉ. टी.

गॉर्डनने मोजलं होतं, पण पेट्यांपर्यंत. कागदावरचा पत्ता आला, तो थांबला. पुढची गल्ली मी चालून पाहिली. आठचा आकडा गल्लीत, आणि नऊचा वस्तीच्या फाटकापासून जेमतेम दहा पावलांवर. खरं अंतर नऊ हजारांच्या वर होतं. शेल हॉलो कधीच दीड मैलाच्या आत नव्हतं. ती बस बंद व्हायलाच नको होती.

मी त्या गल्लीतल्या चिखलात किती वेळ उभी होते कोण जाणे.

परत येताना गोलातला एक गल्लीतच, आठच्या आकड्याजवळ मिळाला. गोलातला तीन पुलाच्या थोडा अलीकडे होता. त्यानंतर एकही नाही. एव्हरेट परत येत होता. पूल ओलांडून, चाक उचलून, तो पायऱ्या चढून वर पोचला, आणि तिथून खाली आला. तेव्हा काउंटरवर साडेतीन हजारांच्या आसपास आकडा असायला हवा. अर्ध्या वाटेत शून्य करणं म्हणजे दिवसभराचं काम पुसणं. एव्हरेटने ते केलं नसतं.

आणि ते जुनं चाक नुसतं आपटून शून्यावर येत नाही. मुठीखाली एक लपलेला खटका आहे. तो आधी फिरवायचा, मग दाबायचा. सेलेस्टला तो सापडला नसता, डेल्फिनालाही नाही. मला ठाऊक आहे, कारण एकदा मी ते चाक वापरलं, शून्यावर न आणता परत ठेवलं आणि दंड भरला. वाहतूक विभागाचा हा कायदाच आहे. चाक टेकवलं की शून्य, नाहीतर सगळ्या ऑफिसला एक खोका डोनट. कायदा गॉर्डनचा.

५

वाहतूक ऑफिसात गॉर्डन एकटाच होता. दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. पोलिसांनी परत पाठवलेलं चाक कोपऱ्यात उभं होतं.

"मला घेऊ दे जरा," मी म्हणाले. "एव्हरेटसाठी शाळेत छोटी सभा ठेवायची आहे. ते चाक पुढे ठेवावं म्हणते."

"ने ना. त्याला आवडलं असतं."

मी चाक घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. काउंटरवर ब्याऐंशी आलं.

"जड आहे रे. गाडीपर्यंत तूच आणून देतोस का? की राहू दे, संध्याकाळी नेते." मी चाक त्याच्या हाती दिलं. "बहीण कधी येतेय त्याची?"

"उद्या," तो म्हणाला. "मीच जाणार आहे आणायला. तिला काय सांगू तेच समजत नाहीये, अर्लीन. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला." असं म्हणत त्याने चाक भिंतीला नीट टेकवलं. अंगठा मुठीखाली गेला, खटका फिरला, दाबला गेला. तो माझ्याकडेच बघत होता.

"गॉर्डन, आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"काउंटर बघ."

त्याने पाहिलं. चार शून्यं. त्याला कळायला क्षणभर लागला आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"तिथेही असंच केलंस ना?"

"मी... शून्य केलं? तिथे?" तो खुर्चीत कोसळला. "मला आठवतच नाही. देवाशपथ आठवत नाही."

"तुला नसेल. तुझ्या अंगठ्याला सवय आहे. पेट्यांचा खांब बघून आले मी."

 

"थंडी होती," तो म्हणाला. "मोजलं त्या दिवशी. पत्ता चारशे, क्वारी रोड. पेट्या दिसल्या, चारशे लिहिलेलं होतं, मी थांबलो. आत गल्ली आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती मुलगी गेली त्यानंतर मी गाडी घेऊन गेलो, तेव्हा गल्ली दिसली. मग रोज दिसत राहिली."

"आणि तीन वर्षं तोंड उघडलं नाहीस."

"कसं उघडणार होतो? काय म्हणणार होतो त्या बाईला?"

"आणि एव्हरेट?"

"वर पायऱ्यांपाशी गाठलं त्याला. म्हटलं, आकडा लिही हवा तर, पण पेट्यांचं नको बोलूस. तो म्हणाला, 'मी तिला बसमधून आणायचो, गॉर्डन. गुरुवारी मी माइकवर जाणार.' मी वही ओढली. त्याने सोडली नाही. मग त्याने सोडली, का मी ढकललं, मला नाही सांगता येत. हात माझेच होते."

"खाली उतरलास तेव्हा जिवंत होता?"

त्याने मान खाली घातली.

"श्वास घेत होता," तो अगदी हळू म्हणाला. "चाक मधल्या पायरीवर आडवं पडलं होतं. मी ते उचललं. ते उचललेलं आठवतंय. मग मी निघून आलो."

माणूस मरणाच्या दारात, आणि याने चाक जागेवर ठेवलं.  मी रसला फोन लावला. नारिंगी वही गॉर्डनच्या टेबलाच्या खालच्या खणात होती. शेवटच्या पानावर एव्हरेटच्या अक्षरात लिहिलं होतं, "फाटकापर्यंत ९०२९. पेट्यांपर्यंत ७७०२. फरक १३२७."

६

संध्याकाळी सातला सुनावणी होती. पाच वाजता मी डेल्फिनाच्या दारात उभी राहिले. तादेओ आत टीव्हीसमोर कडधान्याचं सूप खात होता.

मी तिला सगळं सांगितलं. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. खरा आकडा वाचला गेला की शेल हॉलो हद्दीबाहेर. तादेओची शाळा जाणार, ती खुंटी जाणार. आणि त्याच आकड्याने हेही सिद्ध होणार की नोएमीने त्या सकाळी रस्त्यावर असायलाच नको होतं.

"म्हणजे बस होती," डेल्फिना म्हणाली. "माझ्या लेकीच्या हक्काची बस होती."

"होती."

ती ओरडली नाही. तिने तादेओच्या तोंडाभोवती लागलेलं सूप पुसलं, मग त्याचा कोट शोधायला गेली आणि आतल्या खोलीत बराच वेळ राहिली. बाहेर आली तेव्हा तिने चर्चला जातानाचा निळा ड्रेस घातला होता.

७

सभागृह खच्चून भरलं होतं. एव्हरेटची वही मी स्वतः वाचली, कारण वाचायला विभागात कुणी उरलं नव्हतं. फॉक्स मेडोच्या रांगेत आनंद झाला, पण कुणी टाळी वाजवली नाही. सेलेस्ट मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती.

मग अध्यक्षांनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. डेल्फिना माइकपाशी आली. हिरवा दिवा लागला.

"नाव आणि पत्ता सांगा."

"डेल्फिना ओरोस्को. चारशे, क्वारी रोड." ती थांबली. "नाही. तो पत्ता टपालपेट्यांचा आहे. मी तिथे राहत नाही. माझं घर तिथून एक हजार तीनशे सत्तावीस फूट आत आहे. माझी मुलगी रोज सकाळी ते चालायची. कुणी मोजलं नव्हतं."

पुढे ती काही बोलली नाही. माइकसमोर नुसती उभी राहिली. हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला. एकोणीस वर्षांत मी इतकी शांतता लिहिलेली नाही. एक मंडळ सदस्य उठून बाहेर गेला.

लाल दिवा लागला तसे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बाई, इतिवृत्तासाठी विचारावं लागतं. प्रस्तावाच्या बाजूने की विरोधात?"

तिने मागे वळून पाहिलं. तादेओ शेवटच्या रांगेत कोट मांडीवर घेऊन बसला होता.

"बाजूने," ती म्हणाली. "जाऊ देत मुलं कॅनॉल स्ट्रीटला. पण बस फाटकापर्यंत आली पाहिजे. पेट्यांपर्यंत नाही."

प्रस्ताव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. सोमवारी नव्या बसथांब्यांची यादी टाइप करायला माझ्याकडे आली, आणि शेल हॉलोसमोर पुन्हा तेच लिहिलं होतं, चारशे, क्वारी रोड. मी ते खोडलं आणि फाटक असं लिहिलं. मग बूट घालून यादी स्वतः ड्रायव्हरच्या हातात द्यायला गेले.